निष्पाप वाचकाचा अभ्यासक्रम

काही वर्षांपूर्वी एका पदव्युत्तर परीक्षेच्या मूल्यमापनात 'आदिवासी साहित्य' या वैकल्पिक अभ्यासपत्रिकेचा गठ्ठा प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आला. प्रश्न नेहमीचाच होता : आदिवासी साहित्याची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा. उत्तरेही नेहमीचीच होती. निसर्गाशी एकरूपता, समूहभाव, शोषणाविरुद्धचा विद्रोह, बोलीचा वापर आणि नागर संस्कृतीविषयीचा संशय अशी पाच वैशिष्ट्ये, त्याच क्रमाने, बहुतेक त्याच शब्दांत. ती एकाच मार्गदर्शिकेतून आली असावीत असे वाटावे; आणि ती तशी आलीही होती. त्या गठ्ठ्यात एकच उत्तर निराळे होते. त्याचे शुद्धलेखन ढिले होते, वाक्ये अर्धवट होती. पण त्यात 'ते' नव्हते, 'आम्ही' होते. आदिवासी निसर्गावर प्रेम करतात असे लिहिण्याऐवजी त्या विद्यार्थ्याने लिहिले होते की आमच्याकडे निसर्ग हा शब्द कोणी वापरत नाही. मोह आहे, नाला आहे, डोंगर आहे, आणि फॉरेस्ट आहे, पण फॉरेस्ट म्हणजे झाडे नव्हेत, फॉरेस्ट म्हणजे खाते. माझ्या सहपरीक्षकांनी समासात शेरा मारला होता : 'वस्तुनिष्ठतेचा अभाव. अपेक्षित मुद्दे नाहीत.'

हे सहपरीक्षक दुष्ट नव्हते. उलट, विद्यापीठीय वर्तुळात आदिवासींविषयी आस्था बाळगणाऱ्या थोड्या प्राध्यापकांपैकी ते एक होते, आणि ती अभ्यासपत्रिका मंजूर करून घेण्यासाठी ते अभ्यासमंडळात भांडलेही होते. म्हणूनच त्यांच्या शेऱ्याकडे एका व्यक्तीचा प्रमाद म्हणून पाहणे पुरेसे नाही. आदिवासी इतिहास व संस्कृती यांविषयी जे अध्ययनसाहित्य आपण गेल्या काही दशकांत मराठीतून तयार केले, त्या सगळ्यावरचे ते अचूक भाष्य आहे. या साहित्याने आपला वाचक आधीच ठरवून ठेवलेला असतो. तो बिगर-आदिवासी असतो, सहृदय असतो, 'त्यांच्या'विषयी जाणून घेण्यास उत्सुक असतो. आणि मुख्य म्हणजे, जे घडले त्यात त्याचा स्वतःचा काहीही हात नसतो. या निष्पाप वाचकाच्या आसनावर खुद्द एखादा आदिवासी विद्यार्थी येऊन बसला, तर अभ्यासक्रमाची सारी मांडणी विस्कटते आणि परीक्षकाला वस्तुनिष्ठतेची आठवण होते.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्याकडील हे साहित्य आदिवासींविषयी शिकविते. आदिवासींना पाहणाऱ्या मराठी दृष्टीविषयी ते काहीही शिकवीत नाही. जोवर ही दृष्टीच अभ्यासविषय होत नाही, तोवर वर्णविद्वेषाच्या विरोधात आपण काही शिकवितो आहोत हा दावा पोकळ आहे.

१

प्रथम एक सोयीचा आक्षेप बाजूला सारणे भाग आहे. वर्णविद्वेष हा आपला प्रश्नच नव्हे, तो अमेरिकेचा, दक्षिण आफ्रिकेचा, ऑस्ट्रेलियाचा. आपला प्रश्न जातीचा, आणि जात म्हणजे वंश नव्हे, असे म्हटले जाते. २००१ साली डर्बन येथील जागतिक परिषदेत भारत सरकारची भूमिका साधारण हीच होती. सैद्धान्तिक पातळीवर तीत तथ्यही आहे. जातींना वांशिक उगम चिकटविण्याची सिद्धान्तकल्पना आंबेडकरांनी नाकारली होती, आणि नाकाच्या लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावरून भारतीय समाजाची उतरंड लावू पाहणाऱ्या रिस्लेची चिकित्सा घुर्ये यांनी १९३२ सालीच केली होती. परंतु वंश हा सिद्धान्त खोटा असणे आणि वर्णविद्वेष हे वर्तन अस्तित्वात नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खोट्या सिद्धान्तावर उभे असलेले वर्तन खरेच असते.

ज्याला शंका असेल त्याने कोणत्याही बऱ्या शाळेच्या वा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनास जावे. तेथे 'आदिवासी नृत्य' असते. मुलांची तोंडे व हातपाय काळे रंगविलेले असतात, कमरेला पाला, डोक्यात पिसे, हातात पुठ्ठ्याचा भाला, आणि तोंडी कोणत्याही भाषेत नसलेली अक्षरे. हे नृत्य भिल्लांचे नव्हे, कोरकूंचे नव्हे, कातकऱ्यांचे नव्हे. ते हिंदी चित्रपटांनी घडविलेल्या एका प्राण्याचे आहे. प्रेक्षागृहात पालक कौतुकाने टाळ्या वाजवितात. गोऱ्यांनी तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करण्याची जी अमेरिकी प्रथा होती, तिच्यावर आपल्या इंग्रजी विभागांत शोधनिबंध वाचले जातात. ते वाचणारे प्राध्यापक त्याच सायंकाळी संमेलनाच्या पहिल्या रांगेत असतात, हे प्रस्तुत लेखकाने स्वतः, आणि खेदाने सांगायचे तर पहिल्या रांगेतूनच, पाहिले आहे.

येथे आयात केलेल्या अध्ययनसाहित्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. कॅनडातील सत्य व सलोखा आयोगाचा अहवाल २०१५ मध्ये पूर्ण झाला. त्यातील चौऱ्याण्णव आवाहनांपैकी काही थेट शिक्षणाविषयी होती. त्यानंतर तेथे वाचनयाद्या, शिक्षक-पुस्तिका, पाठमाला यांचा पूर आला आणि त्याचे पाणी आपल्या विद्यापीठांपर्यंतही पोहोचले. आपला विद्यार्थी आता तेथील निवासी शाळांविषयी जाणतो : सुमारे दीड लाख मुलांना कुटुंबांपासून तोडून अशा शाळांत ठेवण्यात आले, त्यांच्या भाषांवर बंदी होती, असंख्य मुले परतलीच नाहीत. ही माहिती त्याला असावी, याविषयी दुमत नाही. पण हाच विद्यार्थी आश्रमशाळेविषयी एक ओळ लिहू शकत नाही. दोन्ही संस्था एकच आहेत असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. आश्रमशाळेत मूल कायद्याच्या बडग्याने आणले जात नाही. अनेक आदिवासी कार्यकर्ते, लेखक, अधिकारी तेथूनच घडले आहेत. परंतु घरची भाषा दाराबाहेर ठेवून आत येणे म्हणजे शिकणे, हे गृहीतक दोन्हीकडे आहे की नाही, एवढा साधा प्रश्न विचारण्याची तरी तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला बंदी नसावी.

आणखी एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. आदिम लोकांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ रोजी संमत झाला तेव्हा त्याविरुद्ध चार देशांनी मत दिले : अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. पुढे चौघांनीही आपली भूमिका बदलली. भारताने मात्र पहिल्याच दिवशी बाजूने मत दिले, कारण आपल्याकडे सारेच मूळनिवासी आहेत, अशी भारताची भूमिका होती. त्या चौघांना जाहीरनामा आपल्याला लागू पडतो म्हणून नको होता. आपल्याला तो लागू पडत नाही म्हणून चालला. मराठी समीक्षेचा आदिवासी साहित्याविषयीचा उदारपणा बराचसा याच जातीचा आहे.

२

आता आपल्या घरात यावे. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आदिवासी शब्दाला तीन दारांतून प्रवेश मिळतो. एक दार लोकसाहित्याचे, दुसरे 'साहित्यप्रवाहां'चे, तिसरे भाषाविज्ञानातील बोलींचे. या तीन अभ्यासपत्रिका शिकविणारे प्राध्यापक बहुधा एकाच खोलीत बसतात. पत्रिका मात्र एकमेकींशी बोलत नाहीत. हा केवळ प्रशासकीय अपघात नव्हे.

लोकसाहित्याच्या दारातून आत येणाऱ्याला आपले नाव बाहेर ठेवावे लागते. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते. ती लग्नविधीची अधिकारी असते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. कोणते गाणे केव्हा, किती लांबवायचे, कोणती कथा कोठे जोडायची, हे तिचे निर्णय असतात, आणि वाङ्मयीन निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला आपण अन्यत्र कवी म्हणतो. पण संकलन छापले जाते तेव्हा मुखपृष्ठावर संकलकाचे नाव असते आणि धवलेरी 'एक वारली स्त्री' होते, फार तर ऋणनिर्देशात गावाच्या नावासह उरते. 'लोक' ही संज्ञा येथे निरागस नाही. कर्तृत्व काढून घेण्याचे ते एक तंत्र आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमधील पाठभेदांवर आयुष्य वेचणारी आपली विद्वत्परंपरा दोन धवलेरींच्या गाण्यांतील फरकाला 'पाठभेद' म्हणायलाही तयार नसते. तिच्या लेखी ते एकाच 'लोकमानसा'चे 'आविष्कार' असतात.

चित्रांच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने घडले. लग्नचौक लिहिणे हे वारली समाजात सवाशिणींचे काम होते. १९७० नंतर सरकारी हस्तकला-यंत्रणेच्या प्रयत्नांतून भिंतीवरचे चित्र कागदावर आले आणि जिव्या सोमा मशे या असामान्य कलावंताला नाव मिळाले; २०११ मध्ये पद्मश्रीही मिळाली. त्यांचे मोठेपण वादातीत आहे. पण चित्राला कर्ता लाभला तो क्षण आणि चित्र बायकांच्या हातून बाजाराकडे वळले तो क्षण जवळजवळ एकच होता, ही गोष्ट आपल्या कोणत्या अध्ययनपुस्तिकेत येते? तेथे त्रिकोण, वर्तुळ आणि तारपा यांच्या आकृत्या असतात, आणि खाली सूचना : 'अशा प्रकारचे चित्र काढा.'

प्रवाहांच्या दारातून आत येणाऱ्याला नाव मिळते. पण साहित्य बाहेर ठेवावे लागते. येथे लेखक असतो, मात्र तो साक्षीदार म्हणून असतो. वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा, भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' १९९० चा. या दोन कवींविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात वेदना, विद्रोह, अस्मिता यांची सूची असते. कवितेची रचना, ओळीची लय, एका भाषेत दुसरी भाषा घुसविण्याने होणारे काम यांविषयी क्वचित काही असते. मर्ढेकरांच्या कवितेतील एका इंग्रजी शब्दावर पाच पाने लिहिणारा समीक्षक मेश्रामांच्या कवितेतील गोंडी शब्दाशी येतो तेव्हा कंसात अर्थ देऊन पुढे जातो. 'उलगुलान' हा मुंडारी शब्द बिरसा मुंडांच्या १८९९-१९०० च्या उठावातून येतो. विदर्भातला गोंड कवी तो मराठी संग्रहाच्या शीर्षस्थानी ठेवतो, म्हणजे मराठीच्या डोक्यावरून हात लांबवून तो एका दूरच्या भाषेशी नाते सांगतो. ही कृती राजकीय आहेच, पण ती आधी काव्यात्म आहे. आणि ती वाचण्यासाठी लागणारे साहित्य आपण विद्यार्थ्याच्या हाती दिलेले नाही.

सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेचे तर आपण अक्षरशः वाटोळे केले आहे. आपल्या दुःखाविषयी दुसऱ्यांनीच मंचावरून बोलावे, या प्रकारावर ती कविता आहे. गेल्या तीसेक वर्षांत ती जितक्या मंचांवरून, ज्यांच्या तोंडून उद्धृत झाली, त्याची मोजदाद कोणी केली तर तो एका वेगळ्या विनोदी ग्रंथाचा विषय होईल. प्रस्तुत लेखकानेही ती दोनदा उद्धृत केली आहे.

३

प्रश्न तीन पत्रिकांच्या एकत्रीकरणाने सुटणार नाही. या तिन्ही दारांची चौकट कोठे तयार झाली हे पाहावे लागेल, आणि तेथे मराठी साहित्याच्या इतिहासाला अस्वस्थ करणारी एक वस्तुस्थिती आहे. तिच्याकडे आपले लक्ष जात नाही, कारण ती समाजशास्त्राच्या खात्यात जमा आहे.

गो. स. घुर्ये हे मालवणचे. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे दीर्घकाळ प्रमुख. १९४३ मध्ये आदिवासींच्या भवितव्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच आदिवासी या संज्ञेमागे 'तथाकथित' हे विशेषण होते. हे लोक 'मागासलेले हिंदू' आहेत आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण समावेशनात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचा वाद व्हेरिअर एल्विनशी होता, आणि आदिवासींना जगापासून वेगळे राखावे या एल्विनच्या तेव्हाच्या कल्पनेत जो संग्रहालयी भाव होता त्यावरील घुर्ये यांची टीका सर्वस्वी चुकीची नव्हती. परंतु या गाजलेल्या वादात दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती : आदिवासी कोण आहेत हे आपण ठरवावयाचे. रिस्लेचा वंश नाकारणारा हा पंडित आदिवासींचे वेगळे अस्तित्वही नाकारतो, आणि दोन्ही नकार एकाच शास्त्रीय आत्मविश्वासाने करतो. वंशवादाचे खंडन म्हणजेच समतेची हमी नव्हे, हे शिकविण्यासाठी याहून चांगला धडा परदेशी वाचनयादीत सापडणार नाही.

आता पुढचा दुवा. मराठी ललितगद्याचे व महाभारत-चिंतनाचे जे दोन मानदंड आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, त्या इरावती कर्वे आणि दुर्गा भागवत दोघीही घुर्ये यांच्या विद्यार्थिनी. दुर्गाबाईंनी मध्य प्रांतातील गोंडांमध्ये क्षेत्रकार्य केले. १९५६ च्या ज्या 'लोकसाहित्याची रूपरेखा'वर आपली लोकसाहित्याची पत्रिका उभी आहे, तो ग्रंथ त्यांचा, आणि 'ऋतुचक्र'ही त्याच वर्षीचे. इरावतीबाई १९२७ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. हा मनुष्य पुढे नाझी वंशशास्त्राचा एक आधारस्तंभ ठरला. कवटीची असममितता वंशानुसार बदलते, हे गुरूचे गृहीतक. ते आपल्या मोजमापांतून सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष या तरुण भारतीय विद्यार्थिनीने मांडला. धैर्याची ही घटना मराठी वाङ्मयेतिहासात ठळक अक्षरांत असायला हवी होती. मात्र त्याच इरावतीबाईंनी परतल्यावर महाराष्ट्रातील समाजांची शारीरिक मोजमापे घेणे सोडले नाही. पश्चिम खानदेशातील भिल्लांचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणही त्यांनी केले. वंशसिद्धान्ताला नकार देणारे आणि मापनपट्टी धरणारे हात एकच होते.

येथे कोणावर आरोपपत्र ठेवण्याचा हेतू नाही. तसे करणे स्वस्त ठरेल. मुद्दा असा की, 'युगान्त' एका पत्रिकेत ललित-वैचारिक गद्य म्हणून, 'लोकसाहित्याची रूपरेखा' दुसऱ्या पत्रिकेत संदर्भग्रंथ म्हणून आणि 'गोधड' तिसऱ्या पत्रिकेत प्रवाह म्हणून शिकविले जाते. त्यामुळे निसर्गाकडे, लोकांकडे, अरण्याकडे पाहणारे जे सुसंस्कृत मराठी डोळे 'ऋतुचक्रा'त आपल्याला मोहवितात, ते कोणत्या ज्ञानव्यवहारात घडले, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडतच नाही. निसर्गप्रेम हे आदिवासी साहित्याचे पहिले वैशिष्ट्य म्हणून त्याने पाठ केलेले असते. ते मुळात आपल्या ललितगद्याचे वैशिष्ट्य आहे आणि आपण ते आदिवासींना बहाल केले आहे, असा संशय त्याला येऊ नये अशी व्यवस्था आपणच केली आहे. त्या एका उत्तरपत्रिकेत 'फॉरेस्ट म्हणजे खाते' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तो आला होता.

गंमत अशी की हवे ते अध्ययनसाहित्य याच ग्रंथांत पडून आहे. 'युगान्त'मधील मयसभेवरील प्रकरण पुन्हा वाचावे. खांडववनाचे दहन ही अग्नीची भूक भागविण्याची दिव्य कथा नसून, शेतीसाठी भूमी मोकळी करण्याकरिता तेथील रहिवाशांसह अरण्य जाळून टाकण्याची कृती होती, असा अर्थ इरावतीबाई लावतात. कृष्णार्जुनांविषयी मराठीत याहून कठोर काही क्वचितच लिहिले गेले असेल. १९६७ चे हे पुस्तक. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले. हजारो विद्यार्थ्यांनी वाचलेले. त्यांपैकी किती जणांना हे प्रकरण धरणाखाली गेलेल्या नर्मदाकाठच्या भिल्ल-पावरा गावांशेजारी ठेवून वाचायला सांगितले गेले? तीच गोष्ट एकलव्याची. ज्या मुलाचा अंगठा गुरुदक्षिणा म्हणून कापून घेतला गेला, त्याच्या नावाने १९९७-९८ पासून आदिवासी मुलांसाठी आदर्श निवासी शाळा चालविल्या जात आहेत, आणि या नामकरणात कोणाला काही खटकत नाही. प्रतीकांचे वाचन हा ज्यांचा व्यवसाय, त्या आपल्यासारख्यांनी निदान याबाबत तरी शासनाला दोन शब्द सुनवायला हवे होते.

४

दलित साहित्याच्या अभ्यासकांना येथवरचे विवेचन आपल्या बाजूचे वाटत असेल, तर त्यांनाही एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील भाषणात आंबेडकर हिंदूंना जाब विचारतात की, एक कोटी तीस लाख आदिवासींना तुम्ही असंस्कृत अवस्थेत का राहू दिलेत. जाब हिंदूंना आहे, आणि तो न्याय्यही आहे. पण आदिवासी असंस्कृत आहेत, हे त्या जाबातच गृहीत धरलेले आहे. मराठीतील सर्वांत मूलगामी मुक्तिपरंपरेच्या पायाभूत संहितेतही ही दृष्टी शिरलेली असावी, यावरून तिचा पसारा लक्षात यावा. आंबेडकरांचे मोठेपण या उल्लेखाने उणावत नाही. ते उणावेल या भीतीने आपण हा परिच्छेद शिकवायचे टाळतो, तेव्हा मात्र आपण त्यांना वाचतच नसतो.

डाव्या परंपरेचीही सुटका नाही. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० चे पुस्तक वारल्यांच्या वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्धच्या लढ्याचा अमोल दस्तऐवज आहे. त्याच्याविषयी आदर बाळगूनही त्याच्या शीर्षकापाशी थांबावे. माणूस जागा होतो, म्हणजे तो आधी झोपलेला होता. आणि जागे करणारे कोणी बाहेरून आले होते. १८४८ च्या २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला राघोजी भांगरे झोपलेला नव्हता. १८५८ मध्ये सातपुड्यात इंग्रजांशी लढलेले खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल झोपलेले नव्हते. १९३० मध्ये चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळी खाणारा नाग्या कातकरी पूर्ण जागा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या रोजच्या हालचालींवर पोलिसांची हजेरी बसविली, त्यांना तर झोपण्याचीही सोय नव्हती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याने शिकविलेली नजर रद्द झाली नाही, हे 'उपरा' आणि 'उचल्या' वाचणाऱ्याला सांगायला नको.

भाषेच्या दाराविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तेथे आकडेच पुरेसे बोलके आहेत. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी भाषागटाचे एक कोटी चार लाख आणि गोंडीचे एकोणतीस लाख चौऱ्याऐंशी हजार भाषक नोंदले गेले. संस्कृत मातृभाषा म्हणून सांगणारे चोवीस हजार आठशे एकवीस होते. संस्कृत आठव्या परिशिष्टात आहे. भिली आणि गोंडी नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवून तिला दंडाची नोटीस धाडली. गोंडी ही द्राविडी भाषा, कोरकू ही मुंडा भाषा. तरीही आपल्या वर्गांत दोहोंना सर्रास 'बोली' म्हटले जाते, जणू त्या मराठीच्या धाकट्या बहिणी असाव्यात. इंग्रजीने मराठीचे काय केले याविषयी देशीवादाच्या निमित्ताने आपण चाळीस वर्षे लिहीत आहोत. मराठीने गोंडीचे काय केले, हा प्रश्न त्या चर्चेच्या परिघावर फारसा आलाच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा 'गाथासप्तशती'चा यथोचित गौरव झाला. त्या गाथांमध्ये व्याधवधू आहेत, पुलिंद आहेत. म्हणजे आपल्या वाङ्मयाच्या पहिल्याच संकलनात अरण्यवासी आहेत, आणि तेथेही ते नागर रसिकाच्या नजरेसमोर उभे आहेत. दोन हजार वर्षांची परंपरा सांगताना ही नजरही त्याच परंपरेत धरावी लागेल.

५

मग वर्गात न्यावे तरी काय, असे विचारले जाईल. नवे पुस्तक काढून हे भागणार नाही. सूचीत चार आदिवासी लेखकांची भर घालूनही नाही. 'ऋतुचक्रा'तील एक प्रकरण, वनखात्याचा एखादा जुना आदेश आणि सोनवणे यांची एक कविता या तिन्ही संहिता एकाच तासाला, एकाच प्रकारच्या बारकाईने वाचाव्यात. भुजंग मेश्राम शिकविताना गोंडी जाणणारी व्यक्ती वर्गात असावी, आणि तिला मानधन माहितगाराचे नव्हे, तज्ज्ञाचे मिळावे. धवलेरीचे गाणे छापायचे तर तिच्या नावाने छापावे, आणि पुस्तकाच्या उत्पन्नात तिचा वाटा असावा. १९९० च्या पालघर येथील आदिवासी साहित्य संमेलनातील सोनवणे यांचे अध्यक्षीय भाषण 'प्रवाहा'च्या पुरवणीत न ठेवता साहित्यशास्त्राच्या पत्रिकेत ठेवावे. कारण साहित्य म्हणजे काय, लेखनाशिवाय साहित्य असते की नाही, हे प्रश्न साहित्यशास्त्राचे आहेत. आणि सर्वांत अवघड म्हणजे, 'आदिवासी साहित्याची वैशिष्ट्ये सांगा' हा प्रश्न दहा वर्षे विचारू नये. त्याऐवजी विचारावे : मराठी समीक्षेने आदिवासी साहित्याची जी वैशिष्ट्ये सांगितली, ती कोणाची आहेत?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची पुनर्रचना झाली आहे, आणि 'भारतीय ज्ञानप्रणाली' नावाचा नवा विषय प्रत्येक विभागाच्या दारात उभा आहे. त्याच्या घटकांची यादी करण्यासाठी भरणाऱ्या बैठकांत आदिवासी ज्ञानाला शेवटच्या घटकात, वेळ उरल्यास शिकविण्याच्या जागी, बसविण्याचा मोह होणार आहे. तेथे वनौषधी असतील, वारली चित्रे असतील, निसर्गाशी एकरूपता तर असेलच. अशा एका बैठकीचे निमंत्रण प्रस्तुत लेखकासमोर पडलेले आहे. सदस्यांची यादीही सोबत आहे. तीत आदिवासी नाव एकही नाही, आणि माझे आहे.

त्या उत्तरपत्रिकेचे गुण मी पुनर्मूल्यमापनात वाढविले होते. सहपरीक्षकांनी हरकत घेतली आणि नियामकांनी मध्य काढला. विद्यार्थी उत्तीर्ण झाला. पुढे तो मराठी विभागात दिसला नाही.